नवे मोठे कारागृह की जुन्यांचा विस्तार? इंग्लंडमधील दोन पर्याय

२०२४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील पुरुष कैद्यांची कारागृहे जवळपास भरून गेली आणि सप्टेंबरपासून अनेकांना शिक्षेचा ४० टक्के भाग भोगल्यावर सोडण्याची वेळ सरकारवर आली. जागा वाढवाव्या लागणार हे उघड आहे. परिसरात कारागृह प्रस्तावित असलेल्या रहिवाशाने ठरवायचे ते एवढेच, की दीड हजार कैद्यांचे नवे कारागृह उभे राहू द्यावे, की जुन्यांतच इमारती वाढवण्याचा आग्रह धरावा.

राहण्याच्या सोयीत जुन्यांचा निभाव लागत नाही. लंडनचे पेंटनव्हिल १८४२ चे, वाँड्सवर्थ १८५१ चे; एकासाठी बांधलेल्या तेथील कोठडीत आज बहुधा दोघे राहतात आणि शौचालयही तिथेच असते. नॉर्थम्प्टनशायरमध्ये २०२२ साली सुरू झालेल्या फाइव्ह वेल्समध्ये मात्र फुलीच्या आकाराच्या इमारती आहेत, त्यामुळे प्रत्येक बाजूला मोजकेच कैदी असतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणे सोपे जाते. खिडक्यांना गज नाहीत, पण त्या उघडतही नाहीत, म्हणून ड्रोनने आणलेले अमली पदार्थांचे पुडके खिडकीतून आत ओढून घेता येत नाही.

वेळ आणि पैसा या बाबतीत दोन्ही पर्याय निराश करतात. २०,००० जागा वाढवण्याच्या कार्यक्रमाला सुमारे पाच वर्षांचा विलंब होणार असून खर्च मूळ अंदाजापेक्षा किमान ४.२ अब्ज पौंडांनी वाढेल, असे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने डिसेंबर २०२४ मध्ये नोंदवले. लँकेशायरमधील नव्या कारागृहाला चॉर्ली कौन्सिलने २०२१ साली नकार दिला. परवानगी मिळायला २०२४ उजाडले. विस्ताराला परवानगी तुलनेने लवकर मिळते, परंतु अशी कामे हाती असलेली आयएसजी ही बांधकाम कंपनी सप्टेंबर २०२४ मध्ये बुडाली आणि ही कामे रखडली.

माझे मत नव्याच्या बाजूने आहे, तेही जुन्या कारागृहाला लागून उभ्या राहणाऱ्या नव्याच्या. यॉर्कशायरमध्ये फुल सटनशेजारी २०२५ साली सुरू झालेले मिलसाइक याच प्रकारचे आहे. मात्र नव्या इमारतीला एकदम शेकडो नवखे कर्मचारी लागतात आणि अनुभवी माणूस हाताशी नसला की कार्यशाळा बंद राहतात, कैदी कोठडीतच दिवस काढतात. म्हणून संमती देताना भरती आणि प्रशिक्षण झाल्याशिवाय पुढची इमारत कैद्यांनी भरू नये, ही अट लेखी मागावी.