भोपळ्याच्या फुलातल्या दोन लांबशिंगी माश्या

अमेरिकेच्या पूर्व भागात जुलैच्या पहाटे भोपळ्याच्या फुलात डोकावलं, तर तिथल्या दोन देशी लांबशिंगी मधमाश्या भेटू शकतात: युसेरा प्रुइनोसा आणि मेलिसोडिस बायमॅक्युलेटस. लांब स्पर्शिका नरांच्याच असतात, म्हणून मादी ओळखताना त्यांच्यावर विसंबू नये. आधी रंग पाहावा.

बायमॅक्युलेटसची मादी जवळजवळ पूर्ण काळी. पोटाच्या टोकाकडे दोन पांढरे ठिपके, मागच्या पायांवर फिकट केस. एकदा पाहिली की विसरत नाही. प्रुइनोसा साधारण पाळीव मधमाशीएवढीच, छातीवर पिवळसर-तपकिरी लव आणि काळ्या पोटावर फिकट पट्टे. त्यामुळे गल्लत होते ती पाळीव माशीशीच. अशा वेळी मागचे पाय बघा: पाळीव माशी परागाचा ओलसर गोळा वाहते, प्रुइनोसाच्या केसांत परागकण कोरडे, सुटे अडकलेले असतात.

पण मला सगळ्यात भरवशाची वाटते ती सवय. बायमॅक्युलेटस अनेक प्रकारच्या फुलांवर फिरते. प्रुइनोसा पराग फक्त भोपळ्याच्या कुळातल्या कुकुर्बिटा वेलींचाच गोळा करते. दुपारी मिटलेलं फूल हलकेच उघडा. आत बहुधा तिचा नर गाढ झोपलेला सापडतो. त्याला तसाच झोपू द्यावा.

घरटी दोघींचीही जमिनीत. प्रुइनोसा तर अनेकदा वेलाखालच्या मातीतच बीळ करते, म्हणून तिथे खोल नांगरणी नको.