जुनी सायकल रोज चालवायची तर रॉड ब्रेकची रोडस्टर घ्यावी की तीन गिअरची स्पोर्ट्स?

ठाण्यात किंवा खाडीपलीकडे नवी मुंबईत राहून जुनी सायकल रोज चालवायचं मनावर घेतलंत, की शोध शेवटी दोन सायकलींपाशी येऊन थांबतो. एक आपल्याकडे बनलेली काळी रोडस्टर. अठ्ठावीस इंची चाकं, रॉड ब्रेक, गिअर नाही. दुसरी इंग्लंडहून आलेली स्पोर्ट्स. सव्वीस इंची चाकं, केबलचे ब्रेक आणि मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) पोटात तीन गिअर. माझ्याकडे दोन्ही आहेत. दोन्ही गंजलेल्या अवस्थेत आल्या, दोन्ही मी नट न् नट सुटा करून पुन्हा उभ्या केल्या आणि नौपाड्यातल्या कामांना आलटून पालटून वापरल्या. त्या वापरावरून जे वाटतं ते सांगतो. तुमचे रस्ते, तुमचे गुडघे वेगळे असतील, तेवढं धरून वाचा.

भिंतीला टेकवून फोटो काढायला सायकल हवी असेल तर डोळ्याला भावेल ती घ्यावी. मी बोलतोय ते जांभळी नाक्यावरून भाजी आणायला, गिरणीतून दळण आणायला आणि संध्याकाळी विनाकारण तलावपाळीला एक चक्कर मारायला लागणाऱ्या सायकलीबद्दल.

स्पोर्ट्सवर बसलं की माणूस तिच्या प्रेमात पडतो, हे आधीच मान्य करतो. पहिल्या पॅडललाच ती पुढे झेपावते. गर्दीत हँडल वळवायला हलकं, आणि वजनाला रोडस्टरपेक्षा दोन-तीन किलो कमी. हबमधल्या गिअरचं सुख असं की सिग्नलला उभं असताना, पॅडल न मारता पहिला गिअर टाकता येतो. मागे दातांची चळत असलेल्या नव्या सायकलींना हे जमत नाही. या सायकलींमध्ये बहुतेक वेळा सापडतो तो स्टर्मी-आर्चर कंपनीचा एडब्ल्यू हब, १९३६ पासूनचा. मधला गिअर थेट, पहिला त्याहून २५ टक्के हलका, तिसरा ३३ टक्के जड. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आतून संथ टिकटिक ऐकू येते, पहिल्यात हब गप्प असतो. पहाटे उपवनच्या रस्त्याला ती टिकटिक सोबतीला असली की घरी परतावंसं वाटत नाही. हबच्या कवचावर बनावटीच्या वर्षाचा शिक्का असतो, त्यामुळे सायकलीच्या वयाचा अंदाज येतो (हब नंतर बदललेला नसेल तर).

रोडस्टरचं सुख सावकाश कळतं. पाठ ताठ, नजर वर, हात सैल. तिचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) जास्त कलता आणि दोन चाकांमधलं अंतर लांब असतं, त्यामुळे उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि रंग उडालेले गतिरोधक ती अंगावर येऊ देत नाही. राम मारुती रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत स्पोर्ट्सवर मी सारखा खाली रस्त्याकडे बघत असतो. रोडस्टरवर दुकानं बघतो, ओळखीच्यांना हात करतो. वेळेचं म्हणाल तर घरापासून जांभळी नाक्यापर्यंत दोन्हीवर मला सारखाच वेळ लागतो, कारण तिथला वेग सिग्नल आणि रिक्षा ठरवतात.

नवी मुंबईकरांचं गणित थोडं निराळं आहे. दुपारनंतर पाम बीच रोडने बेलापूरहून वाशीकडे येताना वारा समोरून लागला, तर रोडस्टरवर ताठ बसलेल्या माणसाची छाती त्याला आडवी येते आणि पाय भरून येतात. तिथे पहिला गिअर असणं मोठा दिलासा आहे. थंडी-उन्हाळ्यात टी. एस. चाणक्यच्या बाजूला रोहित पक्षी बघायला जायचं असेल तर मात्र रोडस्टर बरी. दोन पायांच्या स्टँडवर ती कॅरिअरवरच्या पिशवीसकट स्थिर उभी राहते.

आता ब्रेक. या बाबतीत रोडस्टरची बाजू लंगडी आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. रॉड ब्रेकचे रबर रिमच्या बाजूला न लागता आतल्या, आऱ्यांकडच्या अंगाला लागतात. कोरड्या रस्त्यावर ते पुरतात. पावसात क्रोमच्या ओल्या रिमवर रबर नुसते घसरत जातात आणि सायकल तिच्या मर्जीने थांबते. स्पोर्ट्सची मूळ रिमही क्रोमचीच, पण ती बदलून अ‍ॅल्युमिनियमची टाकता येते आणि ओल्यातही ब्रेक धरतो. फक्त जुन्या इंग्लिश हबला पुढे ३२ आणि मागे ४० भोकं असतात, त्यामुळे मागची ४० भोकांची रिम जरा शोधावी लागते. रॉड ब्रेकला खास घडणीची रिम लागत असल्याने रोडस्टरला ही सोय नाही. पावसात मी ब्रेक आधीपासून हलका दाबून रिम पुसत पुसत चालवतो आणि जुलैमध्ये रोडस्टर घेऊन घोडबंदर रोडला जात नाही. तुम्हाला रोज तोच रस्ता असेल आणि चारही महिने चालवायची असेल, तर माझं पुढचं काही ऐकू नका, स्पोर्ट्स घ्या.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल तरीही तेच. वीस किलोच्या आसपासची रोडस्टर रोज खांद्यावर घेऊन जिने चढणं खरोखर कठीण आहे.

इथवर वाचून तराजू स्पोर्ट्सकडे झुकला असेल. माझाही बराच काळ तिकडेच होता. तो फिरला एका बारीकशा साखळीमुळे.

स्पोर्ट्सच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या उजव्या टोकातून ही साखळी बाहेर येते आणि गिअरच्या केबलला जोडलेली असते. तिथल्या नटाला एक भोक असतं. दुसरा गिअर टाकायचा, त्या भोकातून आत बघायचं. साखळी ज्या बारीक दांड्याला जोडलेली असते, त्याचा खांदा अ‍ॅक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत दिसला पाहिजे. दिसला नाही तर केबलचा स्क्रू फिरवून तो तिथे आणायचा. काम दोन मिनिटांचं आहे. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक जागा अशी असते, जिथे हब काहीच धरत नाही. केबल जराशी सैल पडली की दुसरा गिअर सरकत सरकत त्या जागेत जातो. वरून काहीही कळत नाही. हँडलवरचा गिअरचा खटका दुसऱ्या आकड्यावरच असतो, सायकल बिनतक्रार चालत असते, आणि ज्या क्षणी तुम्ही सगळा जोर लावता, त्याच क्षणी पॅडल रिकामं जातं.

माझं ते कळव्याच्या खाडीपुलाच्या चढावर झालं. दुसऱ्या गिअरमध्ये उभं राहून जोर देत होतो. पायाखालचं पॅडल एकदम सुटलं, सगळं वजन खाली आलं आणि गुडघा हँडलवर आदळला. पडलो नाही, मागची बसही अंतर राखून होती. घरी येऊन भोकातून पाहिलं तर दांड्याचा खांदा जेमतेम मिलिमीटरभर आत गेला होता. काही दिवसांपूर्वी पंक्चर काढताना चाक उतरवलं गेलं होतं आणि परत बसवताना ते खोबणीत किंचित पुढे बसलं होतं, एवढंच कारण.

यात हबचा दोष मी मानत नाही. नीट लावला आणि त्याच्या टोपणातून अधूनमधून हलक्या इंजिन ऑइलचे काही थेंब दिले, तर तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. प्रश्न आपल्या इथल्या रोजच्या आयुष्याचा आहे. चेन सैल झाली म्हणून चाक मागे ओढलं की केबलचा ताण बदलतो. पावसाळ्यात आतली तार गंजून अडकते. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या मुलांना मोटारसायकलींची सवय. ही साखळी त्यांनी कधी पाहिलेली नसते, तेव्हा पक्कडीने ओढून ती वाकवली तर त्यांना काय बोलणार? सोसायटीतली लहान मुलं येता-जाता हँडलवरचा खटका टकटक वाजवून बघतात, त्यांनाही रागवावंसं वाटत नाही. पण या सगळ्याचा परिणाम असा की निघण्याआधी वाकून त्या भोकात डोळा घालणं मला चुकत नाही, आणि चढ आला की मी सीटवरून उठत नाही.

रोजच्या सायकलीकडून मला यापेक्षा साधं काहीतरी हवं होतं. जिन्याखालून काढली, टायर दाबून पाहिला, निघालो. रोडस्टर हे देते. तिच्या रॉडची खडखड होते, चेनकव्हर कुठेतरी घासतं, पण तो आवाज म्हणजे फार तर एखादा नट ढिला झाल्याची खबर. पॅडल पायाखालून निसटत नाही. पंक्चर झालं तर सायकल आडवी करायची, टायरची एक कड उचलायची, ट्यूब बाहेर ओढायची, चाक उतरवावंच लागत नाही. पूर्ण बंद चेनकव्हर असेल तर पावसाचं चिखलपाणी चेनपर्यंत पोचत नाही आणि पँटच्या पायालाही वंगण लागत नाही.

शिवाय सुट्या भागांची चिंता नाही. चेन्नईजवळच्या अंबत्तूरची हर्क्युलस, आसनसोलची सेन-रॅली, सोनिपतची अ‍ॅटलस, सगळ्या त्याच जुन्या इंग्लिश घाटाच्या, त्यामुळे एकीचं मडगार्ड थोड्याशा ठोकाठोकीने दुसरीला बसतं. अ‍ॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्याचं काम जून २०२० मध्ये थांबलं, तरी त्या सायकली अडून बसल्या नाहीत, कारण लुधियानात रोडस्टरचे भाग अजून बनतात. टायर तर दोन्ही सायकलींचे सहज मिळतात. पण स्पोर्ट्स इंग्लंडच्या रॅली कंपनीची असेल तर तिच्या बीबीचे (पॅडलचा दांडा जिथे फिरतो तिथले) आटे इंचाला २६, तर एरवी सर्रास २४. कप खराब झाला तर कोपऱ्यावरचं सायकल मार्ट कामाला येत नाही, चोरबाजारात फिरून दुसऱ्या मोडक्या रॅलीतून तो मिळवावा लागतो.

राहिला प्रश्न चढाचा. रोडस्टरला मागे बहुधा १८ दातांचं फ्रीव्हील असतं. ते काढून २२ दातांचं टाका आणि चेन थोडी वाढवा. सायकल पॅडल मारायला साधारण १८ टक्के हलकी होते, म्हणजे स्पोर्ट्सचा पहिला गिअर जो २५ टक्क्यांचा दिलासा देतो त्याच्या बरीच जवळ. वेग कमी होतो, पण ठाण्यात तो वापरायला मिळतो कुठे? माझ्या रोडस्टरला हेच फ्रीव्हील आहे आणि कळव्याचा पूल मी आता तिच्यावरच चढतो, उभा राहून. येऊरच्या चढाला मात्र उतरून हातात धरून चालतो. ज्यांना दर रविवारी येऊर गाठायचंय त्यांना गिअर लागतील, यात शंका नाही. माझी स्पोर्ट्सही अशा रविवारांसाठीच राखलेली असते.

घ्यायला जाताना फ्रेमचं माप आधी बघा. आपल्याकडे २२ इंची आणि २४ इंची म्हणतात ते चाकाचं नसून फ्रेमचं माप असतं. मध्यम उंचीच्या माणसाने २४ इंचीच्या मोहात पडू नये. सिग्नलला दांडी मध्ये येते आणि पाय नीट टेकत नाहीत.

रंगाबद्दल माझं मत जरा कडक आहे. मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तरी तो ठेवा. डिझेलचा बोळा फिरवून मळ काढला आणि वर गाडीचं पॉलिश मारलं की काळ्या एनॅमलची चमक परत येते. मडगार्डवरची सोनेरी रेघही मळाखाली सापडते. पावडर कोटिंगचा थर जाड बसतो, त्यात फ्रेमवरचा नंबर बुजतो आणि रेघ कायमची जाते. एवढं करून सायकल नव्यासारखी दिसावी असं वाटत असेल तर सरळ नवीच घ्यावी.

ठाण्यात या सायकली सध्या पुनर्विकासाला निघालेल्या इमारतींमध्ये सापडतात. खोल्या रिकाम्या होताना जिन्याखालचं सगळं भंगारात जातं, त्याआधी विचारायला हवं. समोर सायकल आली की सीट, रबर, गंजलेल्या चेनकडे लक्ष देऊ नका, ते सगळं बदलता येतं. आधी बाजूने उभं राहून हेडची (हँडलखालची) नळी आणि चिमट्याचा वरचा भाग एका रेषेत आहे का ते पाहा. चिमटा मागे दबलेला असेल तर तोही एक वेळ बदलता येईल. पण मग हेडच्या मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाशी, जिथे रंगाखाली सहसा काही दिसत नाही, तिथे बोट फिरवून बघा. सुरकुती लागली तर समजा जोरदार धडक बसून फ्रेम वाकली आहे, आणि ती सायकल फुकट मिळाली तरी आणू नका.