वर्षभर वापरलेले इअरबड्स: आवाजाला पैकीच्या पैकी, डाव्या बडच्या सेलला शून्य

आवाज कसा आहे, एएनसी (बाहेरचा गोंगाट दाबायची सोय) कितपत चालतं, ॲपमधल्या इक्वलायझरने काय फरक पडतो, हे विकत घेण्याआधीच सगळ्यांचं बघून झालेलं असतं. म्हणून ते एका ओळीत उरकते: आवाज चांगला आहे आणि वर्षभरानंतरही तितकाच चांगला आहे. माझं सगळं म्हणणं डाव्या बडबद्दल आहे.

लक्षणं अशी. दोन्ही बड्स डबीतून शंभर टक्के दाखवत बाहेर येतात. गाणी लावली की सुरुवातीला काही जाणवत नाही. थोड्या वेळाने ॲपमध्ये उजवा नव्वदवर असतो आणि डावा साठवर. तेवढ्यात कॉल आला, माइक चालू झाला, की साठचा आकडा थेट वीसवर येतो, डाव्या कानात ‘बॅटरी लो’ ऐकू येतं आणि मिनिटभरात डावा बंद पडतो. उजवा मात्र पुढे तासन्‌तास चालतो. डावा डबीत परत ठेवला की काही मिनिटांतच पुन्हा शंभर. इतक्या झटपट शंभर होणं हेही आजाराचंच लक्षण आहे. भांडं लहान झालं की ते लवकर भरतं.

साठवरून वीसवर उडी का पडते, हे जरा सांगते, कारण सर्व्हिसवाले याला ‘सॉफ्टवेअर इश्यू’ म्हणून आपल्याला आठवडाभर फिरवतात. इतक्या छोट्या बॅटरीत किती चार्ज उरलाय याचा अंदाज बड मुख्यतः व्होल्टेजवरून बांधतो. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. गाणी ऐकताना कमी करंट लागतो, तेव्हा व्होल्टेज बरं दिसतं. माइक आणि पाठवणारा रेडिओ एकदम चालू झाले की करंट वाढतो, व्होल्टेज दबतं आणि बडला वाटतं की बॅटरी संपली. म्हणजे साठचा आकडाच मुळात खोटा होता. फर्मवेअर (बडच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून किंवा रीसेट मारून आतलं रसायन तरुण होत नाही.

आणि डावाच का? कॉलसाठी मी एकच बड वापरते, डावा. उजवा कान मोकळा लागतो, कुणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. खोक्यावर ‘एक बड स्वतंत्र वापरता येतो’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं आहे आणि ही सोय बघूनच मी हे मॉडेल निवडलं होतं. सोय खरी आहे, पण तिची भरपाई एका बाजूच्या बॅटरीला करावी लागते, हे खोक्यावर कुठेच नाही. फोनची बॅटरी आजकाल ५००० एमएएचच्या आसपास असते आणि बडमधली साधारण ४० ते ६०, म्हणजे शंभरावा हिस्सा. लिथियम-आयन बॅटरी काहीशे पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. फोन ते काहीशे चार्ज दीड-दोन वर्षांत वापरतो. दिवसभर कॉलवर असलेला बड दिवसात दोनदा रिकामा होऊन भरला, तर तो तिथे वर्षाच्या आतच पोचतो.

त्यात भर डबीची. लिथियम-आयनला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता आणि कायम शंभर टक्क्यांवर बसून राहणं. बड डबीत गेला की तो शंभर करून तिथेच ठेवणं हेच तर डबीचं काम. फोनमध्ये आता ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते, लॅपटॉपमध्येही असते. माझ्या बड्सच्या ॲपमध्ये इक्वलायझरच्या डझनभर सेटिंग्ज आहेत, बड शोधायचं बटण आहे, गेमिंग मोड आहे, पण ऐंशीवर थांबवायचं साधं बटण नाही. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत जास्त राबणाऱ्या बॅटरीलाच ही सोय नाकारलेली आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो. हे एका अपडेटचं काम आहे.

सुरुवातीच्या महिन्यांत कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं. मग सर्व्हिसशी गाठ पडली आणि मत पार उलटं झालं.

तक्रार वॉरंटीच्या मुदतीत नोंदवली. आधी रीसेट करायला सांगितलं, केला. मग अपडेट, केलं. मग व्हिडिओ मागितला. दोन्ही बड्स एकाच वेळी डबीतून काढल्यापासून डावा बंद पडेपर्यंतचा सलग व्हिडिओ पाठवला, ॲपमधल्या दोन्ही आकड्यांसकट. उत्तर आलं: बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे, नैसर्गिक झीज वॉरंटीत येत नाही. मी विचारलं, दोन्ही सेल एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेत, मग उजवा ठणठणीत कसा? उत्तर: वापरावर अवलंबून असतं. बरं, मग पैसे घ्या आणि डाव्याचा सेल बदलून द्या. उत्तर: बड उघडता येत नाही. मग नुसता डावा बड विकत द्या. उत्तर: सुटा बड मिळत नाही, पण नवी जोडी घेतलीत तर सवलत देऊ. म्हणजे उजवा चालतोय, डबी चालतेय, डाव्यातला स्पीकर चालतोय, माइक चालतोय, आणि नखाएवढ्या एका सेलसाठी हे सगळं टाकून द्यायचं. त्या दिवशी मी हा अनुभव लिहिला असता तर एकच तारा दिला असता.

यावर लोकांशी वाद घातले की तीन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, वायरवाल्यांचं: वायरचे इअरफोन घ्या, बॅटरीची भानगडच नाही. तत्त्वतः बिनतोड. पण २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ३.५ एमएम जॅक गेला आणि पाठोपाठ बहुतेक महागड्या फोनमधूनही गेला. आता यूएसबी-सीचे इअरफोन किंवा मधला अडॅप्टर लागतो, आणि मग फोन केबलने चार्जिंगला लावून बोलणं अवघड होतं. दुसरं, नेकबँडवाल्यांचं. यांची बाजू लोक मानतात त्यापेक्षा बळकट आहे. नेकबँडची बॅटरी मोठी असते आणि दोन्ही कानांना मिळून एकच, त्यामुळे एक बाजू आधी मरण्याचा प्रश्नच येत नाही. ज्यांचा दिवस कॉलवरच जातो त्यांना मी आज बेलाशक नेकबँडच सुचवेन. मला मानेवर काही अडकवलेलं सहन होत नाही, एवढंच माझं कारण.

तिसरं उत्तर मात्र मला अजिबात पटत नाही: बड्स दीड-दोन वर्षांचीच वस्तू असते, वापरायची आणि नवीन घ्यायची. टूथब्रशबद्दल हे चालेल. ज्या वस्तूत रेडिओ आहे, प्रोसेसर आहे, दोन-तीन माइक आहेत आणि जिचा एकच भाग झिजतो, तिच्याबद्दल हे मुकाट्याने का मानायचं? कंपन्यांनी ते सांगितलं तर समजू शकते, त्यांना नवी जोडी विकायची असते. ग्राहकच हे एकमेकांना समजावून सांगतात तेव्हा त्रास होतो.

‘उघडता येत नाही’ यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून तो बड मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे दिला आणि शेजारी बसून सगळं पाहिलं. आणि इथे माझं मत पुन्हा फिरलं.

त्याने गरम हवेची गन अगदी मंद ठेवून बडच्या सांध्यावर थोडा वेळ फिरवली. मग गिटारच्या प्लास्टिक पिकसारखी पातळ पट्टी सांध्यात सरकवली आणि कडेकडेने फिरवत नेली. एका जागी जोर देत नव्हता, कारण टचची पातळ केबल त्याच बाजूला असते आणि ती तुटली की खेळ खलास. टोपण निघालं. आत स्पंजच्या चकतीखाली चंदेरी बटण सेल, त्यावर बारीक अक्षरात १२५४. हा आकडा म्हणजे सेलचं माप: व्यास १२ मिलिमीटर, जाडी ५.४ मिलिमीटर. कंपनीने खास घडवलेलं गुपित वगैरे काही नाही, कितीतरी ब्रँडच्या बड्समध्ये याच मापाचा सेल असतो. सॅमसंगच्या २०१९ च्या पहिल्या गॅलेक्सी बड्समध्येही बटण सेलच होता आणि तो सोल्डरिंग न करता बदलता यायचा. याच्या दुसऱ्या टोकाला ॲपलचे सुरुवातीचे एअरपॉड्स: दांडीत चिकटवलेली बारीक नळीसारखी बॅटरी, जी काढायची तर बड फोडावाच लागतो. वस्तू उघडून त्यांची दुरुस्ती किती सोपी ते तपासणाऱ्या आयफिक्सिटने पहिल्या एअरपॉड्सना दुरुस्तीसाठी दहापैकी शून्य गुण दिले होते. माझे बड्स या दोन टोकांच्या मध्ये बसतात. सेलला पट्ट्या जोडून त्या बोर्डावर सोल्डर केलेल्या, वरून थोडा गोंद. अवघड आहे, पण अशक्य मुळीच नाही.

सेल कुठला घ्यायचा याबद्दल तो फार काटेकोर होता आणि ते सांगायलाच हवं. त्याच आकाराचा दिसतो म्हणून घड्याळातला किंवा रिमोटमधला सेल इथे बसवायचा नाही. सीआर अक्षरांनी सुरू होणारे लिथियम सेल एकदाच वापरायचे असतात, ते चार्ज करायला गेलं तर फुगतात, फुटूही शकतात. चार्ज होणारे बटण सेल वेगळे, त्यांच्यावर एलआयआर किंवा कंपनीचं तसं नाव असतं. दुसरं असं की पट्ट्या आधीपासून वेल्ड केलेलाच सेल घ्यायचा. नुसत्या सेलच्या अंगावर सोल्डरिंगची तापलेली इस्त्री थेट टेकवली तर उष्णतेने तो नवा असतानाच खराब होतो. पट्टीच्या टोकाला सोल्डरिंग करायला हरकत नसते. हे घरी करून बघा असं मी कुणालाही सुचवणार नाही, सेलला ती पट्टी टोचली गेली तर आग लागू शकते.

जुना सेल काढल्यावर त्याच्या कडेला हात लावला तर किंचित फुगवटा जाणवत होता. नवा बसवला, सांधा चिकटवला, डबीत ठेवला. या वेळी डाव्याला पूर्ण चार्ज व्हायला उजव्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि मला तिथेच कळलं की काम झालंय. आता डावाच उजव्याच्या पुढे चालतो. कॉल आला तरी आकडा उडी मारत नाही. खर्च नव्या जोडीच्या तुलनेत किरकोळ. गेलं ते एवढंच: कारखान्यात पाण्यापासून बचावाला जी सीलिंग होती ती आता भरवशाची नाही. खोक्यावरचं आयपीएक्स४ हे पाण्यापासून बचावाचं मानांकन मी डाव्यापुरतं खोडलेलं आहे आणि पावसात किंवा घाम गाळताना हे बड्स घालत नाही.

पाण्याचं नाव निघालं की कंपन्यांची सबब ठरलेली: बॅटरी बदलता येईल असं केलं तर पाणी आत जाईल. फेअरफोनने २०२४ मध्ये फेअरबड्स आणले. त्यांत दोन्ही बड्सच्या आणि डबीच्याही बॅटऱ्या बदलता येतात, आणि तरीही बड्सना धूळ-पाण्यापासून बचावाचं आयपी५४ मानांकन आहे. छोट्या कंपनीला जमलं ते मोठ्यांना जमू नये, असं कुठलंच तांत्रिक कारण मला दिसत नाही. युरोपीय संघाचा २०२३ चा बॅटरी नियम आहेच. त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या वस्तूंमधल्या छोट्या बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्यालाच काढता-बदलता आल्या पाहिजेत. या नियमावर ‘आता फोन जाडे होणार’ म्हणून चर्चा खूप झाली, बड्सचं नाव मात्र फार कमी लोकांनी काढलं. खरा फायदा तिथेच आहे असं मला वाटतं. फोनची बॅटरी कुठलाही बरा कारागीर बदलून देतो, बड्सना हात लावायला मात्र दहातले आठ जण नकार देतात. तिथला नियम सगळीकडची मॉडेल्स बदलतो, हे चार्जिंगच्या पोर्टच्या बाबतीत आपण पाहिलंय. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तिथे यूएसबी-सी सक्तीचं झालं, त्यात फोनबरोबर इअरबड्सही होते, आणि त्याच्या आधीपासूनच सगळीकडची मॉडेल्स बदलू लागली होती.

घ्यायचे का? एकच मॉडेल सगळ्यांना सुचवण्याऐवजी एवढंच सांगते की घेण्याआधी त्या मॉडेलचा उघडण्याचा व्हिडिओ शोधा. अनबॉक्सिंगचा नको, दुरुस्तीचा. आत गोल बटण सेल दिसला तर पुढे आशा आहे. दांडीत नळी चिकटवलेली दिसली तर ती वस्तू किती दिवसांची ते आधीच धरून चाला. सुटा बड विकत मिळतो का, हे कंपनीला लेखी विचारा, तोंडी उत्तर नंतर कुणीच मान्य करत नाही. आणि कॉलसाठी एकच बड वापरत असाल तर बाजू आलटून पालटून वापरा, म्हणजे निदान दोघे बरोबर थकतील.

माझ्याकडून आज या बड्सना चार तारे, सर्व्हिसला एकही नाही. उजव्याचाही सेल आत्ताच घेऊन ठेवावा का, असं कारागिराला विचारलं होतं. तो नको म्हणाला. लिथियमचा सेल नुसता पडूनही म्हातारा होतो. उजवा थकेल तेव्हा ताजा मागवायचा.