यूव्ही दिवा आणि पांढरा पडदा: चार महिन्यांच्या वापरानंतर

यूव्ही (अतिनील) दिवा १० वॅटचा, ३६५ नॅनोमीटरचा, यूएसबीवर चालणारा. फेब्रुवारी ते मे साताऱ्याजवळच्या यवतेश्वर-बामणोली पट्ट्यातल्या खासगी मालकीच्या रानात, पतंगांच्या (रात्री उजेडाकडे येऊन पडद्यावर बसणाऱ्या कीटकांच्या) नोंदींसाठी. (अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री दिवा लावता येत नाही.)

दिवा उत्तम, पण पॉवरबँकेवरच्या आकड्याला भुलू नका. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टला ७४ वॅट-तास. ५ व्होल्टपर्यंत चढवताना गळती होते, हाती ४५-५० उरतात. म्हणजे जेमतेम साडेचार तास. केबल पातळ आणि लांब असली की दिवा मंदावतो, मीटरभर पुरे. स्वस्तातले यूव्ही फ्लडलाइट बहुधा ३९५ चे असतात. जांभळा उजेड भरपूर, पतंग कमी. यूव्ही चष्मा हवाच.

खरी डोकेदुखी पडद्याची. मार्च-एप्रिलात पठारावर वारा असा की पडदा शिडासारखा फुगतो, आणि फडफडत्या कापडावर पतंग बसत नाही. झाडीच्या आडोशाला बांधा, खालचं फूट-दीड फूट कापड जमिनीवर पसरून दगड ठेवा. बरेच पतंग तिथंच उतरतात. अमावास्येच्या आसपासच्या ढगाळ, उबट रात्री निवडा.

पहिल्या वळवानंतर मात्र सबुरी. त्या संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे पडद्यावर गारांसारखे आदळतात आणि बसलेले पतंग उडवतात. ती गर्दी ओसरली की दिवा लावा.

दिव्याला न येणाऱ्या पतंगांसाठी आमिष: पाव किलो गूळ, दोन अतिपिकलेली केळी, थोडं पाणी, दोन दिवस आंबवून खोडांना छातीच्या उंचीवर ब्रशनं लावा. फळांचा रस शोषणारे युडोसिमा, घुबडडोळ्या एरेबस यांची आशा इथंच जास्त. मुंगळ्यांची रांग असलेलं खोड टाळा. दिवसा निष्पर्ण ऐनाच्या फांद्या बघा. टसर रेशमाच्या पतंगाचा टणक, अंड्याच्या आकाराचा कोष देठानं लोंबताना दिसतो. तोडू नका, फोटो घ्या.

नोंदीत तारीख, दिवा लावल्या-विझवल्याची वेळ, तापमान, वारा, जीपीएस आणि दर तासाची संख्या. शून्य आलं तर शून्यच लिहा. पांढऱ्या कापडामुळे फोन फोटो काळपट काढतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवा. शेजारी मोजपट्टी धरा. पंखांची वरची बाजू आणि जमलं तर खालचीही टिपा. फोटोवरून जाती (स्पीशीज) ठरत नसेल तर प्रजातीवर (जीनसवर) थांबा. बारक्या तपकिरी पतंगांना घाईनं नाव देणं म्हणजे नोंद नासवणं.

दिवा एकाच जागी रोज लावू नका. उजाडण्याआधी पडदा दाट गवतात अलगद झटका, नाहीतर कोतवाल आणि बुलबुल पडद्यावरच न्याहारी उरकतात.