शेतातल्या वर्कशॉपसाठी कॉर्डलेस हत्यारं: कोणती कंपनी घ्यावी?

कॉर्डलेस हत्यारांत आधी बॅटरी निवडावी, मग हत्यार. मकिताची बॅटरी मिलवॉकीला बसत नाही, डिवॉल्टची बॉशला बसत नाही. पहिलं हत्यार ज्या कंपनीचं घ्याल, तिच्याच बॅटऱ्या पुढे कित्येक वर्षं घेत राहाल. म्हणून दुकानात ड्रिल हातात धरून निर्णय घेऊ नका. या मोठ्या कंपन्यांचं ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या मोटरचं) ड्रिल शेतकामाला पुरून उरतं. खरा कस लागतो तो इम्पॅक्ट रेंच (ठोके देत नट-बोल्ट फिरवणारं हत्यार), ग्राइंडर आणि ग्रीस गन या तिघांचा.

व्होल्टचा घोळ आधी संपवू. डिवॉल्टचं '२० व्होल्ट मॅक्स' आणि इतरांचं १८ व्होल्ट ही ताकद एकच. दोन्हींत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४ व्होल्टच्या थोडा वर जातो, एवढाच त्या २० चा अर्थ. मकिताचं '४० व्होल्ट मॅक्स' हे तसंच ३६ व्होल्टचं आहे.

इम्पॅक्ट रेंचच्या खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा बोल्ट खोलण्याचा असतो, आवळण्याचा नव्हे. मिलवॉकीच्या १८ व्होल्टच्या एम१८ फ्युएल मालिकेतल्या २७६७ या जुन्या अर्धा इंची हाय टॉर्क (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर) रेंचवर खोलण्याचे १४०० फूट-पाउंड लिहिलेले होते आणि आवळण्याचे १०००. दोन कंपन्यांची तुलना करताना एकीचा खोलण्याचा आणि दुसरीचा आवळण्याचा आकडा शेजारी ठेवला, की निष्कर्ष चुकलाच. ८.८ ग्रेडचा एम२० (२० मिमी जाडीचा) बोल्ट आवळायला साधारण ४०० न्यूटन-मीटर (सुमारे ३०० फूट-पाउंड) लागतात, पण अवजाराचा तोच बोल्ट चिखल-पाण्यात गंजला की खोलायला त्याहून बराच जास्त जोर लागतो. शेतासाठी मिड टॉर्क (मध्यम जोराच्या) रेंचवर थांबू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. वजन वाढतं, पण पाइप लावून पान्यावर लटकण्यापेक्षा ते बरं.

हा टॉर्क मिळायला बॅटरीही तशीच लागते. २ एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) बॅटरीत पाचच सेल असतात; त्यांतून एकदम हवा तेवढा करंट निघत नाही, व्होल्टेज खाली बसतं आणि महागडा रेंच नुसता खडखडतो. किमान ५ एएचची, म्हणजे दहा सेलची बॅटरी लावा. लांब एक्स्टेन्शन आणि सैल सॉकेट ठोक्याची ताकद वाटेतच खातात. चकचकीत क्रोमचे सॉकेट कधीच वापरू नका, ते तडकून तुकडे उडतात. काळे इम्पॅक्ट सॉकेटच घ्या. आणि चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचनेच (ठरवलेल्या जोरापर्यंत आवळणाऱ्या हाताच्या पान्याने) आवळा.

ग्राइंडरबद्दल अपेक्षा जमिनीवर ठेवा. १८ व्होल्ट गुणिले ५ एएच म्हणजे ९० वॉट-तास. दाबून घासताना ग्राइंडर ७००–८०० वॉट खेचतो, म्हणजे बॅटरी सातेक मिनिटांत संपली. अडकलेला बोल्ट कापणं, पात्याला धार देणं, बांधावर जाऊन पट्टी कापणं याला तो उत्तम. वेल्डिंगनंतर तासभर घासायचं असेल तर वायरचाच ग्राइंडर बाहेर काढा. घेताना चकती लगेच थांबवणारा ब्रेक आणि हात सुटताच बंद होणारा पॅडल स्विच हवाच. वाळलेला कडबा किंवा भुसा जवळ असेल तर ठिणगी दिसत नाही, पण आतल्या आत धुमसते. काम संपल्यावर अर्धा तास तिथे लक्ष ठेवा. लोखंडाचा कीस मोटरच्या चुंबकाला चिकटतो, म्हणून हवेच्या झोताने जाळ्या साफ करत राहा.

ग्रीस गनमध्ये दाबावर भांडण्यात अर्थ नाही: मकिता, मिलवॉकी, डिवॉल्ट तिघीही १०,००० पीएसआय (दाबाचं एकक) सांगतात. पाहायचं ते पाइप किती लांब आहे आणि आत अडकलेली हवा सोडायचा व्हॉल्व्ह हाताशी आहे का. ग्रीसची नवीन नळी भरल्यावर मोटर फिरते पण ग्रीस येत नाही, याचं कारण जवळजवळ नेहमी हीच हवा. निप्पल चोंदलेलं असेल तर ट्रिगर दाबून धरू नका. पाइप फुटला तर ग्रीस कातडीत घुसतं. तशी जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा.

आता कंपनी. अवजारांची दुरुस्ती हेच मुख्य काम असेल तर मिलवॉकी एम१८, तिच्या रेंचसाठी. फवारणी, छाटणी, गवतकापणी हेही त्याच बॅटरीवर हवं असेल तर मकिताची १८ व्होल्ट एलएक्सटी. ही मालिका २००५ पासून चालू आहे आणि तिचा पसारा फार मोठा आहे. मात्र तिची बॅटरी ४० व्होल्टच्या एक्सजीटी हत्यारांना चालत नाही. डिवॉल्टची फ्लेक्सव्होल्ट बॅटरी २० व्होल्टच्या हत्यारांवर चालते, पण २० व्होल्टची बॅटरी फ्लेक्सव्होल्टच्या हत्यारांवर चालत नाही. हायकोकीची मल्टी व्होल्टही अशीच ३६ आणि १८ दोन्हींवर चालते; मोठा ग्राइंडर रोज लागत असेल तर या दोघींचा विचार करा. बॉशमध्ये निळी (व्यावसायिक) आणि हिरवी (घरगुती) बॅटरी वेगळी, वर्कशॉपला निळीच घ्या. हे सगळं खरं, पण ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुम्हाला जवळ आहे, तिला यादीत दोन पायऱ्या वर चढवा. हंगामात तीन आठवडे दुरुस्तीत पडलेला रेंच काहीच कामाचा नाही.

बॅटऱ्या मरतात त्या बहुधा ठेवण्यामुळे. रासायनिक खताची धूळ ओल धरते, टर्मिनलवर गंज चढतो, तिथे उष्णता होऊन प्लास्टिक वितळतं. म्हणून खताच्या खोलीत चार्जर लावू नका. शून्य अंशाखाली चार्जिंग नको, उन्हातल्या ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये ठेवणं नको, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच टाकू नका. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या हत्याराला लावणारे अ‍ॅडॉप्टर मिळतात, पण त्यांत बॅटरी वेळेवर बंद करण्याचा संदेश बहुधा पोचत नाही आणि सेल मर्यादेखाली उतरून खराब होतात. नकली बॅटरी वजनाला बऱ्याचदा हलकी लागते. खात्री करायला अस्सल बॅटरीशेजारी ती काट्यावर ठेवून पाहा.