शूर एसएम५८ माइक: गणपतीपासून शिमग्यापर्यंत वापरल्यावर

आमचा बँड रत्नागिरीचा. दोन गिटार, बास, ड्रम्स आणि गायला मी. गाणी स्वतःची, बहुतेक मराठीत, थोडी मालवणीत. कॉलेजच्या गॅदरिंगमधून बाहेर पडून गुहागर, देवगड, मालवण, सावंतवाडी अशा सुपाऱ्या मिळायला लागल्या, तेव्हा जमलेल्या मानधनातून पहिली वस्तू कोणती घ्यायची यावर आमची बरीच वादावादी झाली. गिटारवाल्याला नवा प्रोसेसर हवा होता, ड्रमरला चांगली सिंबल. मी माइकसाठी अडून बसले आणि गणपतीच्या आधी शूर या कंपनीचा एसएम५८ आला. तेव्हापासून शिमग्यापर्यंत आमच्या प्रत्येक कार्यक्रमात मी तोच वापरला आहे. गावोगावी फिरायला निघालेल्या नव्या बँडने सगळ्यात आधी स्वतःचा गाण्याचा माइक घ्यावा, हे माझं मत आता पक्कं झालंय.

कारण असं की आमची गाणी कुणालाच माहीत नसतात. लोकप्रिय गाणी वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्राचे शब्द थोडे गिळले गेले तरी समोरची माणसं ते मनातल्या मनात पुरे करतात. आमच्यासमोर बसलेली आजी किंवा बंदरावरून थेट आलेला खलाशी आमचं गाणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असतो. त्याला शब्द कळले नाहीत तर उरतो फक्त गोंगाट. आणि मंडपाच्या साउंडबरोबर येणारा माइक आरतीला, सत्काराला, भजनाला, हरवलेल्या मुलाच्या घोषणेला, सगळ्यालाच वापरलेला असतो. जाळी चेपलेली, आतला फोम केव्हाच गेलेला. भाषणाला तो चालून जातो. डिस्टॉर्शन लावलेली गिटार आणि क्रॅश सिंबल यांच्या वर आवाज न्यायची वेळ आली की मात्र तो शिट्टी मारायला लागतो.

एसएम५८ हा १९६६ सालचा माइक, आणि मूळचा टीव्ही स्टुडिओसाठी बनवलेला. आतल्या कॅप्सूलचं, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागाचं डिझाइन शूरमधले इंजिनिअर एर्नी सीलर यांचं. त्यांना स्वतःला रॉक आवडत नसे असं सांगतात. तरी रॉकवाल्यांनीच तो उचलून धरला, आणि तो वापरायला लागल्यावर त्याचं कारण कानाला कळतं. तो ५० ते १५,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, पण सगळं सारख्या मापाने नाही. खालचा खर्ज जरा उतरवतो आणि वरच्या मधल्या पट्टीला, जिथे च, ट, स, श यांची धार असते, तिथे थोडा उचलतो. गिटार आणि बासच्या गर्दीत शब्द वर येतात ते याच उचलीमुळे. जाळीला ओठ टेकवून गायलं की खर्ज पुन्हा भरून येतो. मी हलक्या आवाजातला अंतरा जवळून गाते आणि ध्रुवपदाला तळहातभर मागे सरते. ही सवय लागायला वेळ लागला, पण आता आवाज कमी-जास्त करायला साउंडवाल्याकडे खुणा कराव्या लागत नाहीत.

भ, फ, प यांचे फटके जाळीतला फोम बऱ्यापैकी अडवतो, सगळे नाही. माइक हनुवटीच्या बाजूने किंचित तिरका धरला की उरलेलेही जातात.

स्टेजवर खरी मदत होते ती त्याच्या दिशेची. हा कार्डिऑइड माइक आहे. समोरचं जास्त ऐकतो, बाजूचं कमी, पाठीमागचं सगळ्यात कमी. म्हणून मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, माइकच्या बरोबर पाठीमागे, म्हणजे माझ्या पायांसमोर माझ्याकडे तोंड करून ठेवायचा. गावच्या स्टेजवर मॉनिटर असतोच असं नाही. मग मोठे स्पीकर आपल्या रेषेच्या पुढे सरकवून घ्यावेत, एवढं मी पोचल्या पोचल्या सांगते. ते मागे राहिले तर त्यांचा आवाज थेट माइकच्या तोंडात जातो आणि शिट्टी सुरू होते. दुसरी गोष्ट, माइकची जाळी मुठीत धरून गाऊ नये. व्हिडिओत ते छान दिसतं, पण कॅप्सूलच्या मागच्या बाजूला आवाज आत यायची छिद्रं असतात आणि पाठीमागचा आवाज कापला जातो तो त्यांच्यामुळे. ती झाकली की माइक चारही बाजूंचं ऐकायला लागतो. सूत्रसंचालकाच्या हातात माइक देतानाही मी हे प्रेमाने सांगते, आणि लोक ऐकतात.

याच दिशेची एक अडचणही आहे. माइकचं तोंड माझ्याकडे असतं आणि माझ्या मागे ड्रम्स असतात. म्हणजे मी गात नसते तेव्हा तो मन लावून सिंबल ऐकतो. देवळाच्या सभामंडपात किंवा चार बाकं जोडून केलेल्या स्टेजवर ड्रमर माझ्यापासून हातभर अंतरावर असतो, तेव्हा माझ्या चॅनेलमधून त्याचीच झणझण जास्त ऐकू येते. आम्ही ड्रम्स मधोमध न लावता एका कोपऱ्यात लावायला लागलो, आणि त्याने बराच फरक पडला. दिसायला मधला ड्रम भारी वाटतो हे मान्य, पण छोट्या स्टेजवर कोपराच बरा. फारच आवाज असेल तर बीटा ५८ए हा याच घरातला सुपरकार्डिऑइड माइक बाजूचं आणखी कमी ऐकतो. तो घेतला तर मॉनिटर बरोबर पाठीमागे न ठेवता थोडा बाजूला तिरका ठेवावा लागतो, कारण सुपरकार्डिऑइड बरोबर मागचं थोडं ऐकतो.

आता कोकणातली हवा. भाद्रपदात दमट, पुढे समुद्रकाठी खारी, आणि गाताना घाम वेगळाच. एसएम५८ डायनॅमिक आहे. आत चुंबक आणि तारेचं वेटोळं, बॅटरी नाही, सर्किट नाही, वीज लागत नाही. आम्ही ड्रम्सवर लावायला मागून आणलेला एक कंडेन्सर माइक (हा विजेवर चालतो) पावसाच्या दिवसांत चरचरायला लागला होता. त्याच स्टेजवर याला काही झालं नाही. मंडळाचे कॉर्डलेस माइक ऐन ओळीत गप्प झालेलेही पाहिलेत, त्यामुळे वायरचा माइक मला आवडतो. एवढंच करायचं की किनाऱ्यावरचा कार्यक्रम झाला की जाळी फिरवून काढायची, फोमसकट साबणाच्या पाण्यात धुवायची, पूर्ण वाळवायची आणि मगच बसवायची. कॅप्सूलला पाणी लागू द्यायचं नाही. माइक मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. इतक्या महिन्यांत माइक तसाच आहे; केबलच्या पिना मात्र काळ्या-हिरव्या पडल्या. त्या साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनर बॅगेत हवाच.

केबलचं सांगायचं तर आपल्या दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या माइकच्या) केबल आणि एक एक्सएलआर ते पी-३८ (गिटारला असतो तसा जाड जॅक) पिन, एवढं बरोबर ठेवा. अनेक गावांत अजून जुना अँप्लिफायर असतो, त्याला एक्सएलआरचं भोकच नसतं. मिक्सरवर कंडेन्सर माइकला वीज पुरवणारं ४८ व्होल्टचं बटण सगळ्या चॅनेलना मिळून एकच असेल तरी घाबरू नका. नीट जोडलेल्या एक्सएलआर केबलवर या माइकला त्याने इजा होत नाही.

गेन, म्हणजे मिक्सरवर माइकचा आवाज वाढवणं, मात्र जास्त लागतो. हळू गाणाऱ्या माणसाने साध्या मिक्सरवर गेन चढवला तर मागे सूऽऽ ऐकू येतो. होमस्टेच्या अंगणात वीस-पंचवीस लोकांसमोर नुसत्या अकूस्टिक गिटारवर गायचं असेल तर याच्यासाठी एवढे पैसे घालू नयेत. आणि समोर नुसते कर्णे असतील तर कुठलाही माइक आणला तरी कर्णाच ऐकू येणार.

सगळ्यात मोठा फायदा कागदावर कुठे लिहिलेला नसतो. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक; मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षाकाठी जास्तीत जास्त १५ दिवस, तीही सरकारने जाहीर केलेल्या सणासुदीलाच. सत्कार, भाषणं, लहान मुलांचे नाच उरकून आमच्या हाती स्टेज येतं तेव्हा साडेनऊ झालेले असतात. साउंडचेकला वेळच नसतो. पण माइक तोच, गाणारी तीच, म्हणून साउंडवाल्या दादांना सरळ सांगता येतं: १०० हर्ट्झखालचं कापा, ट्रेबल सरळ ठेवा, इको पूर्ण काढा. इकोवरून थोडी ओढाताण होते, कारण आपल्याकडे इको म्हणजे गोड आवाज असं धरलेलं आहे. जलद गाण्यात मात्र तो शब्दांवर शब्द चढवतो. एक ओळ इकोशिवाय ऐकवली की बहुतेक जण स्वतःच नॉब खाली आणतात. मालवणला पहिल्या रांगेतल्या एका काकांनी गाणं संपल्यावर दुसऱ्या कडव्यातल्या ओळीचा अर्थ विचारला. म्हणजे ओळ पोचली होती.

विकत घेताना अधिकृत विक्रेत्याकडूनच, बिलासकट घ्या. याच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि बाहेरून हुबेहूब दिसतात. अस्सल माइकचं वजन २९८ ग्रॅम असतं, किराणा दुकानाच्या काट्यावरही तपासता येतं. फार स्वस्त मिळत असेल तर सोडून द्या. बटणवाला आणि बिनबटणाचा असे दोन प्रकार मिळतात. बिनबटणाचा घ्या, म्हणजे गाण्याच्या मध्ये चुकून कुणाचं बोट लागून बंद पडायचा प्रश्न नाही.

शिमग्याच्या मानधनातून दुसरा एसएम५८ मागवलाय, बासवाल्याच्या साथीच्या गायनासाठी. गिटारवाल्याचा प्रोसेसर आता पावसाळ्यानंतर.