१०-१ ने हरून पार्टी करणारी टीम

आधीच कबूल करतो, सोसायटीच्या टेनिस बॉल टीमचा मी तीन वर्षं कॅप्टन होतो आणि एका काकांना सगळ्यांसमोर "काका तुम्ही राहू द्या आता" म्हणालो होतो, त्यामुळे हा एपिसोड मला जरा जास्तच टोचला.

अवकाशातल्या एका स्टेशनवर घडणारी टीव्ही सिरीज स्टार ट्रेक डीप स्पेस नाइन, सातवा सीझन, चौथा एपिसोड, टेक मी आउट टू द होलोसूट, १९९८ चा. होलोसूट म्हणजे हवी ती जागा, अगदी बेसबॉलचं मैदानही, आभासी उभं करणारी खोली. स्टेशनच्या बाहेर मोठं युद्ध पेटलंय आणि मध्येच ही मंडळी बेसबॉल खेळतात, पहिल्यांदा वाटतं टाइमपास आहे, पण टीम कशी बिघडते नि कशी जुळते हे पाऊण तासात इतकं नीट दाखवलंय की आमच्या ऑफिसातल्या टीम बिल्डिंगच्या वर्कशॉपपेक्षा हे बरं.

तर स्टेशनचा कॅप्टन सिस्को बेसबॉलवेडा. त्याचा जुना वैरी सोलोक येतो, हा व्हल्कन, म्हणजे परग्रहवासी, कायम लॉजिक झाडणारे आणि अंगात माणसाच्या तिप्पट ताकद, आणि सांगतो की माझ्या जहाजावर बेसबॉल टीम आहे, खेळता का. दोन आठवडे हातात. सिस्कोच्या टीममध्ये त्याचा मुलगा नि त्याची मैत्रीण कॅसिडी सोडली तर कोणाला धड खेळता येत नाही, लढवय्या जमातीतल्या वोर्फला तर बहुतेक हे युद्धच वाटतंय. आणि स्टेशनवरचा तंत्रज्ञ रॉम, त्याला बॉल कुठून येतो तेही कळत नाही, सिस्को भर प्रॅक्टिसमध्ये त्याला हाकलतो. बाकीचे मग आम्हीही सोडतो म्हणतात, तर रॉमच त्यांना थांबवतो की माझ्यामुळे सोडू नका.

आता खरी गोम. सिस्को जिंकायला खेळतच नाहीये, तो सोलोकवर सूड उगवायला खेळतोय. अकॅडमीत असताना दारूच्या नशेत सिस्कोने सोलोकशी कुस्ती लावली होती, त्यात सिस्कोचा खांदा निखळला, आणि सोलोकने वर्षानुवर्षं त्यावर पेपर लिहिले. हे तो कॅसिडीला "कोणाला सांगू नकोस" म्हणून सांगतो आणि पुढच्याच सीनमध्ये सगळ्या टीमला माहिती असतं, फार हसलो. स्पोर्ट सायकॉलॉजीत वापरला जाणारा, मानसशास्त्रज्ञ जॉन निकोल्सने मांडलेला एक फरक आहे, काही जण बघतात की मी कालच्यापेक्षा बरा खेळलो का, आणि काहींना फक्त समोरच्यावर वरचढ ठरायचं असतं. कॅप्टन दुसऱ्यातला असला की सगळी टीम त्याच्या जुन्या जखमेचं ओझं वाहते आणि टीमला ते कळतही नाही.

मॅच एकतर्फी जाते. एक व्हल्कन रनर होम प्लेटला, म्हणजे रन पुरा व्हायला जिथे टेकावं लागतं तिथे, न टेकता जाऊन बेंचवर बसतो आणि रॉमचा मुलगा नॉग बॉल घेऊन सगळ्या व्हल्कनना एकेक करून टॅग करत, म्हणजे बाद करायला बॉल अंगाला लावत, सुटतो कारण कोणता तो हे त्याला आठवतच नाही! शिवाय अंपायर ओडोला बोट लावलं म्हणून सिस्को स्वतःच मैदानाबाहेर. शेवटच्या इनिंगला तो रॉमला बॅटिंगला पाठवतो, सिग्नल देतो, रॉमला सिग्नल कळत नाही, तो सिस्कोकडेच बघत उभा, आणि बॉल येऊन त्याच्या बॅटला लागतो. बंट! म्हणजे आपल्याकडचं हळूच तटवणं. तिसऱ्या बेसवरून पोरगा नॉग धावत होम प्लेटला, बापाच्या हातून मुलाचा एक रन. स्कोर १०-१, आणि नाचतायत असे की कप मिळालाय. सोलोकचं म्हणणं, नसलेला विजय तयार करताय. स्टेशनवरचा बारमालक क्वार्क त्याच शब्दांवर ग्लास उचलतो.

गंमत म्हणजे रॉमचं काम करणारा मॅक्स ग्रोडेन्चिक प्रत्यक्षात चांगला बेसबॉलपटू होता, वाईट दिसावं म्हणून डाव्या हाताने खेळलाय म्हणे.

तक्रारी आहेत. व्हल्कन अगदी एका रंगात रंगवलेत, सोलोक तर निव्वळ खडूस. शिवाय सिस्को रॉमची कधी नीट माफी मागत नाही, बॅट हातात दिली की झालं असं समजतो, मला ते पटलं नाही. आणि सिरीज न बघता हा एकच एपिसोड लावलात तर रॉम नि नॉगचं नातं डोक्यावरून जाईल.

पाचपैकी चार. काकांना मी लिंक पाठवलीय, अजून उत्तर नाही, पण रविवारी बॅटिंगला तिसऱ्या नंबरवर त्यांचं नाव लिहिलंय.